आडवं आलं कोण?

अडवण्यासाठी इंग्रजीत क्रियापदांची वाण नाही. दरड कोसळली की रस्ता ‘ब्लॉक’ होतो, गाळ साचत गेला की पाइप ‘क्लॉग’ होतो. ‘ऑब्स्ट्रक्ट’चा थाट मात्र कायद्याच्या भाषेतला. खांब प्रेक्षकाची दृष्टी ऑब्स्ट्रक्ट करतो. त्यात खांबाचा काही डाव नसतो. तेच माणूस तपासकामात ऑब्स्ट्रक्ट करतो म्हटलं, की हेतूचा संशय आलाच. वापरताना घोटाळा होतो तो पुढे ‘टू’ लावल्याने. ‘ही ऑब्स्ट्रक्टेड मी टू गो’ हे चूक. तिथे ‘प्रिव्हेंटेड मी फ्रॉम गोइंग’ म्हणून मोकळं व्हावं.

या क्रियापदाची खरी गंमत मैदानावर. बेसबॉलमध्ये धावणाऱ्याच्या वाटेत क्षेत्ररक्षक आला तर ते ऑब्स्ट्रक्शन. फलंदाजी करणारा संघ मध्ये कडमडला तर त्याला इंटरफिअरन्स म्हणतात. क्रिकेटमध्ये नेमकं उलटं: इथे गुन्हेगार फलंदाज. ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ म्हणजे क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल फलंदाजाला बाद देणाऱ्या नियम ३७ची सगळी मदार ‘जाणूनबुजून’ या एका शब्दावर आहे. धावताना चेंडू चुकून अंगावर आदळला, किंवा इजा टाळायला फलंदाज बाजूला झाला, तर तो बाद नाही. यष्टींवर जाणारा चेंडू बॅटने पुन्हा मारून दूर करता येतो, पण त्या नादात झेल हुकवला की संपलं.

१९५१मध्ये ओव्हलवर इंग्लंडचे फलंदाज लेन हटन असेच बाद झाले. उडालेल्या चेंडूवर पुन्हा बॅट फिरवली आणि दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक रसेल एन्डीन याचा झेल हुकला. नियतीचा खट्याळपणा असा, की १९५७मध्ये केपटाउनला खुद्द एन्डीनच चेंडू हाताने ढकलून बाद झाला! तेव्हा ‘हँडल्ड द बॉल’ हा वेगळा प्रकार होता. २०१७मध्ये तो याच नियमात विरघळला. म्हणून २०२३मध्ये मिरपूरला बांगलादेशच्या मुशफिकुर रहीमने चेंडू हाताने ढकलला, तेव्हा धावफलकावर ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ लागलं.

ही विकेट गोलंदाजाच्या खात्यात जमा होत नाही. आणखी एक तिढा आहे, तो मला फार आवडतो: स्ट्रायकरचा उंच उडालेला झेल नॉन-स्ट्रायकरने मुद्दाम आडवं येऊन हुकवला, तरी तंबूत परततो स्ट्रायकरच.