आमची वाटचाल : लातूरची एक लहान डाळ मिल आणि २०२० चा उन्हाळा

तुरीचा सौदा लातूरला काय निघाला, हे दूरदूरच्या बाजारपेठांत विचारले जाते. डाळ मिलांच्या या गावात आमची मिल मोठ्यांपैकी कधीच नव्हती आणि आजही नाही. तरीही तिची हकिगत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण २०२० च्या मार्च ते मे या काळात आमच्या मिलविषयी गावात जे बोलले गेले ते पुष्कळांना आठवते आणि त्याच काळात मिलने प्रत्यक्षात काय केले, ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

मिल २००१ साली सुरू झाली. त्यापूर्वी मी मार्केट यार्डातील एका आडतीवर मुनीम होतो. तुरीची मूठ हातात घेऊन ओल किती, डागी दाणा किती आणि डाळ किती पडेल हे सांगायला मी तिथेच शिकलो. भांडवल माझे होते, परंतु यंत्राचे ज्ञान आमच्या मिस्त्रीमामांचे होते आणि म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांची चार आणे भागीदारी ठेवली. मामा किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर गेल्यावर ते लातूरला आले, एका मिलमध्ये हमाल म्हणून लागले आणि काही वर्षांतच त्या मिलचा रोलर त्यांच्याशिवाय कोणी उघडेनासे झाले. तुरीचे साल काढणारा आमचा पहिला रोलर आम्ही बंद पडलेल्या मिलमधून जुना घेतला. त्यावरचा झिजलेला थर खरवडून कार्बोरंडम या कठीण, खरखरीत भुकटीचा नवा लेप मामांनी स्वतः दिला आणि तो पुरता वाळेपर्यंत कोणाला त्याच्या जवळ फिरकू दिले नाही. रोलर आणि भोवतीची जाळी यांतले अंतर किती ठेवावे, यावर मिलचा नफा उभा असतो. जाळी जरा जवळ आली की दाणा फुटून चुरी वाढते, लांब गेली की साल चिकटून राहते आणि डाळ दुसऱ्यांदा चालवावी लागते. क्विंटलभर तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. त्या शेवटच्या दोन-तीन किलोंसाठीच मिलवाला जगतो किंवा बुडतो. मामा हे अंतर आवाजावरून लावत. आज आमच्याकडे रंग छाननीचे सॉर्टेक्स यंत्र आहे, उचल करणारे एलिव्हेटर आहेत, पण जाळीचे नट आवळण्याचे काम अजूनही मामांच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलांकडे आहे.

मधल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली तेव्हा साठ्यावर मर्यादा आल्या, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा साल सुटण्यासाठी तुरीला लावायचे पाणी टँकरने विकत घेतले. ती वर्षे अवघड होती, परंतु तेव्हा अडचण सर्वांची सारखी होती आणि कोणी कोणावर बोट दाखवले नाही.

आमचे गिऱ्हाईक मुख्यतः दोन प्रकारचे होते. एक, पुणे आणि हैदराबादकडे माल पाठवणारे व्यापारी. दुसरे, लातुरातल्या मेस. लातूर पॅटर्नच्या ओढीने शिकवण्यांसाठी येणाऱ्या हजारो मुलामुलींना दोन वेळचे जेवण देणाऱ्या या मेसना रोजच वरण लागते, त्यामुळे त्यांची मागणी पावसाळ्यातही कमी होत नाही. मेसवाल्या मावशींपैकी एक मावशी अगदी सुरुवातीपासून आमच्याकडूनच डाळ घेत आल्या होत्या. त्या भाव कधी पाडून मागत नसत. कट्टा उघडून मूठभर डाळ पाण्यात टाकत, फेस पाहत आणि माल पसंत नसेल तर एक शब्द न बोलता परत पाठवत. त्यांनी परत पाठवलेला माल मी दुसऱ्या कोणालाही विकला नाही.

मार्च २०२० च्या मध्यावर शिकवण्या बंद झाल्या. मुलांचे आईवडील गाड्या घेऊन आले आणि उद्योग भवनाच्या परिसरातील खोल्या पाहता पाहता रिकाम्या झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. ३ मे रोजी ठरलेली नीट परीक्षा अखेर १३ सप्टेंबरला झाली. तोवर मेस बंद, आणि मेसकडे असलेल्या आमच्या उधारीची वसुलीही बंद. त्याच आठवड्यात बाहेरच्या व्यापाऱ्यांनी फोन उचलणे कमी केले. गोदामात हंगामात भरलेली तूर होती, तिच्यावर बँकेची कॅश क्रेडिट उचललेली होती.

शनिवारी, २१ मार्चला, आम्ही तुरीच्या एका मोठ्या लॉटला साल सुटण्यासाठी तेल-पाणी लावून ढीग घातला. रविवारी जनता कर्फ्यू होता. सोमवारी ढीग उपसून वाळवणीवर घ्यायचा, असा बेत होता. सोमवारी राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, मंगळवारी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि बुधवारी गुढीपाडवा उजाडला तेव्हा आमचे बहुतेक हमाल आपापल्या गावात अडकले होते. गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले होते. आतला बाहेर जाणार नाही आणि बाहेरचा आत येणार नाही, असा ठराव करून तरुण पोरे पाळीने पहारा देत होती. मी त्यांना दोष देत नाही. ज्या गावात दवाखाना नाही त्या गावाने वेस राखली, तर ती त्याच्या हातात असलेली एकमेव गोष्ट होती.

या धंद्यातल्या वाचकांना तेल-पाणी लावलेला ढीग म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. ढीग वेळेवर उपसला नाही तर आतून तापतो, आंबूस वास धरतो आणि डाळ लाल पडते. अशी डाळ गुरांच्या चुनीच्याच भावाने जाते. मिलमध्ये त्या वेळी मामा होते, राखणदार होता आणि मागच्या खोलीत राहणारी बिहारची चार मुले होती. मला घरून मिलपर्यंत येण्याची मुभा नव्हती. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना आदेशात सूट होती, परंतु ती सूट चौकातल्या बंदोबस्तापर्यंत पोहोचायला वेळ लागला आणि पासासाठी अन्न परवाना, उद्योग आधार, वीजबिल यांच्या प्रती पुन्हा पुन्हा द्याव्या लागल्या. मामा वेळोवेळी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतली ऊब पाहत आणि फोनवर मला सांगत. मग त्यांनी माझी वाट पाहणे सोडले. चार मुलांना बरोबर घेऊन त्यांनी टोपल्यांनी सगळा ढीग गच्चीवर चढवला, दंताळ्याने पसरला, दर थोड्या वेळाने हलवला आणि संध्याकाळी पुन्हा गोळा करून ताडपत्रीखाली घेतला, कारण त्या दिवसांत आपल्याकडे अवकाळीचा भरवसा नसतो. तो लॉट वाचला. नव्याने मिल टाकणाऱ्यांनी एवढे करावे : अनुभवी माणसाला मिलच्या आवारातच पक्की खोली बांधून द्यावी आणि सर्व परवान्यांच्या प्रतींची एक फाइल घरी, एक गाडीत ठेवावी.

डाळ तयार झाली, पण नेहमीचे गिऱ्हाईक नव्हते. गावात मात्र डाळीची गरज वाढत होती. हातावर पोट असणाऱ्यांची कामे एका रात्रीत थांबली होती. गंजगोलाईतल्या बंद दुकानांचे नोकर, हातगाडीवाले, भंगार गोळा करणारे, बांधकामावरचे मजूर, यांच्यासाठी गणेश मंडळे, मशिदींच्या समित्या, कॉलनीतील तरुण आणि निवृत्त शिक्षक शिध्याचे किट तयार करत होते. शिवभोजन थाळी १० ऐवजी ५ रुपयांना मिळू लागली होती. रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य आणि कुटुंबाला महिन्याला एक किलो डाळ जाहीर झाली होती. पुष्कळ ठिकाणी धान्य आधी आले आणि डाळ मागाहून आली. या मधल्या काळात किटमध्ये घालायला एक-एक किलोच्या पिशव्या हव्या होत्या आणि आम्ही तर आयुष्यभर ३० आणि ५० किलोंचे कट्टेच भरत आलो होतो.

तेव्हा मावशींचा फोन आला. त्यांच्याकडे आमची मोठी उधारी होती आणि ती विचारण्याचे माझ्या मनातही नव्हते. त्या म्हणाल्या, “भाऊ, पैसे आत्ता नाहीत, पण माझ्याकडे चार बाया बसून आहेत आणि तराजू आहे. कट्टे पाठवा, आम्ही पिशव्या भरून देतो.” पास मिळाल्यावर आम्ही कट्टे त्यांच्या मेसच्या हॉलमध्ये उतरवले. टेबले लांब लांब मांडून, तोंडाला पदर बांधून त्या बायका भरणी करत आणि पिशवीचे तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर बंद करत. त्या कामाची मजुरी उधारीत वळती करावी, असा मावशींचा आग्रह होता. बायकांची मजुरी मी रोख दिली आणि फक्त मावशींचा वाटा वळता केला. भाव आम्ही टाळेबंदीपूर्वीचाच ठेवला. त्या दिवसांत बाजारात भाव चढले होते आणि आम्हीही चढवले असते तर कोणी विचारले नसते, परंतु किट भरणारी मुले स्वतःच्या खिशातून पैसे काढून देत होती, त्यांच्याकडून जास्त घेणे मला शक्य नव्हते.

याच भावामुळे आमच्याविरुद्ध जे झाले ते झाले, असे माझे ठाम मत आहे.

आमच्याच रस्त्यावर एक जुनी आणि मोठी पेढी आहे. किटांच्या ऑर्डरी सुरुवातीला तिच्याकडे होत्या, त्या आमच्याकडे वळल्या. एप्रिलमध्ये बिहारच्या मुलांपैकी एकाला ताप आला. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले, त्याचा नमुना घेतला गेला आणि अहवाल येईपर्यंत त्याला वेगळे ठेवले. त्याच संध्याकाळी आमच्या फाटकाचा फोटो मोबाइलवरून गावभर फिरला. त्याखाली लिहिले होते की या मिलमध्ये कोरोनाचा रुग्ण सापडला आहे, येथील डाळ घेऊ नये. फोटो ज्या कोनातून काढलेला होता, तेथे फक्त त्या पेढीचे गोदाम आहे. दुसऱ्या दिवशी ऑर्डरी रद्द झाल्या, दिलेल्या पिशव्याही काही ठिकाणांहून परत आल्या. मावशींच्या हॉलसमोर लोक जमले आणि त्यांनी बायकांना घरी जायला सांगितले. मुलाचा अहवाल निगेटिव्ह आला. त्याला विषमज्वर होता आणि तो औषधाने बरा झाला. पण अहवाल काही फाटकाच्या फोटोसारखा गावभर फिरला नाही.

ते दिवस मिलचे सर्वांत वाईट दिवस होते. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली होती, परंतु व्याज थांबले नव्हते. तुरीचा हमीभाव क्विंटलला ५,८०० रुपये होता आणि आम्ही माल काढायला निघालो तर बाहेरचा एक व्यापारी त्याच्या बराच खाली भाव सांगत होता. मिल विकून टाकावी का, यावर मी आणि मामा एका रात्री बोललो. मामांनी सांगितले की भूकंपानंतर त्यांच्याकडे विकायलासुद्धा काही उरले नव्हते, आपल्याकडे निदान रोलर आहे. विषय तेथे संपला.

मिल वाचली ती आमच्या हमालांमुळे. पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत ठेवले जात होते. ऊसतोडीला गेलेल्या मजुरांनाही एप्रिलच्या मध्यानंतर कारखान्यांवरून गावी परतण्याची परवानगी मिळाली आणि शाळांतल्या पंगती वाढल्या. ग्रामपंचायतींना रोज खिचडी आणि वरण-भात शिजवायला डाळ हवी होती. औसा तालुक्यातील एका गावच्या सभेत आमच्या मिलचा विषय निघाला तेव्हा आमचाच एक हमाल उभा राहिला आणि म्हणाला की मी त्या मिलमध्ये वर्षानुवर्षे पोती उचलली आहेत, डाळ मागवा, पहिला घास मी खातो. तेथून ट्रॅक्टर आला. वेशीवर पोती उतरली, गावातल्या पोरांनी ती दिवसभर उन्हात ठेवली आणि मग शाळेत नेली. पाठोपाठ शेजारच्या गावांनी मागणी केली. शेतकऱ्यांच्या घरात पडून असलेली तूरही याच गावांतून आमच्याकडे येऊ लागली, कारण सौदे बंद होते. आम्ही ती भरडून अर्धी डाळ परत देत होतो आणि अर्धी विकून पैसे पोहोचवत होतो. हमालाला सणाला कपडे आणि आजारपणात उचल देताना जे मिलवाले कुरकुर करतात, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

८ मे रोजी जालन्याहून पायी निघालेल्या मजुरांपैकी १६ जण करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले, ती बातमी आली तेव्हा आमची बिहारची मुलेही पायी निघण्याच्या तयारीत होती. मामांनी त्यांच्या पिशव्या स्वतःच्या खोलीत कुलपात ठेवल्या. पुढे श्रमिक रेल्वेत जागा मिळाल्यावर ती गेली. दिवाळीनंतर दोघे परत आले आणि अजून आमच्याकडेच आहेत. सरकारने मे महिन्यात जाहीर केलेल्या तारण-मुक्त कर्जातून आमच्या बाकी कर्जाच्या २० टक्के रक्कम आम्हाला मिळाली, त्यासाठी बँकेत बराच हेलपाटा पडला, पण मिळाली.

मावशींची मेस पुन्हा सुरू झाली आहे. भरणीचे काम त्यांच्याच बायका आता आमच्या आवारात वेगळ्या खोलीत करतात, आणि अर्धा व एक किलोच्या पिशव्या हाच आज आमचा मुख्य व्यवसाय आहे. त्या मोठ्या पेढीच्या मालकांचा पुढे कोरोना योद्धा म्हणून सत्कार झाला. त्या फोटोविषयी त्यांनी आजवर एक शब्दही काढलेला नाही. गेल्या हंगामात त्यांचे सॉर्टेक्स बिघडले तेव्हा त्यांच्या मुनिमाने आमच्याकडे जॉबवर्कसाठी, म्हणजे त्यांचा माल मजुरीवर छाटून देण्यासाठी, निरोप पाठवला. मी नाही म्हटले नाही. इतरांना आहे तोच दर सांगितला आणि रक्कम आगाऊ, रोख मागितली. त्यांचा माल आमच्या फाटकाच्या आत आला नाही.