केंद्राचे बिनव्याजी पैसे आणि इंदूरची गाइडलाइन

राज्याला केंद्राकडून अमुक कोटी मिळाले अशी बातमी आली, की आधी एकच गोष्ट बघायची: हे अनुदान आहे की कर्ज? अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ते लगेच कळतं. अनुदान लेखाशीर्ष (जमाखर्चाच्या खात्याचा क्रमांक) १६०१ खाली दिसतं, केंद्राचं कर्ज ६००४ खाली. बातमीत मात्र दोन्हींना ‘मदत’च म्हणतात.

२०२० च्या मंदीत जीएसटी आटला आणि राज्यांनी आधी हात आखडला तो रस्ते, पूल, पाण्याच्या कामांवर. पगार आणि पेन्शन थांबवता येत नाहीत, कामं थांबवता येतात. म्हणून १२ ऑक्टोबर २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यांसाठी १२,००० कोटींची योजना जाहीर केली. व्याज शून्य, मुद्दल ५० वर्षांनी एकरकमी, खर्च फक्त भांडवली कामांवर आणि तोही ३१ मार्च २०२१ च्या आत. निम्मे पैसे आधी, उरलेले पहिले खर्च झाल्यावर.

यातले २,००० कोटी केंद्राने सांगितलेल्या चार सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी राखलेले होते. चारपैकी तीन सुधारणा आधी पूर्ण केल्या त्या आंध्र प्रदेशाने आणि आपल्या मध्य प्रदेशाने. मध्य प्रदेशाला त्यापोटी ६६० कोटी मंजूर झाले.

पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाचा भार किती, हे सोप्या हिशेबात बघा. राज्याला बाजारातून ७ टक्क्यांनी पैसे मिळतात असं धरलं, तर ६६० कोटींवर वर्षाला सुमारे ४६ कोटी व्याज वाचतं. त्याच दराने ५० वर्षांनंतरच्या ६६० कोटींची आजची किंमत जेमतेम २२ कोटी भरते. म्हणजे नाव कर्जाचं, पण जवळजवळ सगळं अनुदानच. आपल्याच इंदूर नगर निगमाने २०२३ मध्ये जलूदच्या (जिथून नर्मदेचं पाणी इंदूरला येतं) सौर प्रकल्पासाठी ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, काढले, त्यांचा व्याजदर ८.२५ टक्के होता. असे पैसे नाकारण्यात काहीच शहाणपण नव्हतं.

अडचण येते ती मुदतीची. ऑक्टोबर ते मार्च म्हणजे साडेपाच महिने. एवढ्यात नव्या पुलाचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), तांत्रिक मंजुरी, निविदा, जमीन, खालच्या पाइपलाइन आणि केबल हलवणं, यातलं निम्मंही होत नाही. साहजिकच पैसा चालू कामांकडे आणि ठेकेदारांच्या थकलेल्या बिलांकडे जातो. योजनेत त्याची मुभाच होती, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. ठेकेदाराचं बिल अडकलं की सगळ्यात आधी मजुराची हजेरी अडकते. मंदीत पैसा लवकर पोहोचतो तो याच वाटेने.

पण इथेच एक गफलत होऊ शकते. जे काम राज्य स्वतःच्या पैशातून करणारच होतं, ते केंद्राच्या पैशातून झालं आणि वाचलेला पैसा दुसरीकडे वळला, तर नवीन काही उभं राहिलंच नाही. ते पकडायचं तर ५०५४ (रस्ते-पूल) आणि ४२१५ (पाणीपुरवठा, मलनिस्सारण) यांचे आकडे काढा. मूळ अंदाज किंवा सुधारित अंदाज बघून उपयोग नाही, प्रत्यक्ष खर्च बघा, आणि तो दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात मिळतो. २०२०-२१ चा प्रत्यक्ष खर्च हवा तर २०२२-२३ चा अर्थसंकल्प उघडावा लागतो. ६००४ फुगलं आणि एकूण भांडवली खर्च जागेवरच राहिला, तर काय झालं ते उघड आहे.

आता अटींकडे येतो, कारण माझ्या मते खरी किंमत तिथे आहे. मे २०२० मध्ये राज्यांची कर्जमर्यादा राज्य उत्पादनाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के झाली, पण त्या वाढीतला मोठा हिस्सा त्याच चार सुधारणांना बांधलेला होता. शहरांसाठीची सुधारणा अशी: संपत्तिकराचे किमान दर जमिनीच्या सरकारी दरांशी, म्हणजे आपल्याकडे कलेक्टर गाइडलाइनशी, सुसंगत ठेवायचे; पाणी आणि मलनिस्सारणाचे किमान दर खर्चानुसार ठरवायचे; आणि दोन्ही वेळोवेळी वाढत राहतील अशी व्यवस्था करायची. एवढं केल्यावर मध्य प्रदेशाला २,३७३ कोटींचं जास्तीचं कर्ज काढायची परवानगी मिळाली. ही रक्कम मात्र बिनव्याजी नव्हे. ते बाजारातलं, व्याज भरायचं कर्ज. परवानगी त्या एका वर्षापुरती, दरांची व्यवस्था कायमची.

अमेरिकेत २००९ च्या मंदीत वाद झाला तो नेमका यावरूनच. लुइझियानाचे गव्हर्नर बॉबी जिंदल यांनी बेकारी भत्त्यासाठीच्या केंद्रीय निधीचा एक भाग नाकारला. पैसे संपल्यावरही त्यांच्यासाठी बदललेला भत्त्याचा नियम राज्याच्या गळ्यात राहील, हा त्यांचा मुद्दा होता. साउथ कॅरोलायनात तर विधिमंडळाने स्वीकारलेले ७० कोटी डॉलर गव्हर्नर मार्क सॅनफर्ड मागायला तयार नव्हते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अर्ज करायला लावला.

आपल्याकडची ही दरांची अट मला चुकीची वाटत नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून इंदूरपर्यंत चढवायला वीज लागते, आणि तिचं बिल कुणीतरी भरायलाच हवं. पण गाइडलाइन आता फक्त रजिस्ट्रीपुरती राहिलेली नाही, संपत्तिकरही तिच्याशी जोडलेला आहे, हे घरात राहणाऱ्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. नव्या दरांचा प्रस्ताव जिल्हा मूल्यांकन समिती मांडते तेव्हा हरकती मागवते. भोपाळच्या केंद्रीय मूल्यांकन मंडळाची मंजुरी त्यानंतर येते. आपल्या कॉलनीचा दर शेजारच्या मुख्य रस्त्याच्या दराला जोडलाय का, ते त्या यादीत तपासा आणि हरकत असेल तर त्याच मुदतीत लेखी द्या. घर विकायचं नसलं तरीही.