पत्र्यावरचे चिरे

'पत्र्यावर चार चिरे ठेवले की वादळाची चिंता नाही.' म्हापशाच्या बाजारात आज एकजण खिळे तोलून घेता घेता सांगत होता. दुकानदारानेही मान डोलावली!

तेच डोक्यात घोळतंय. वारा पत्र्याला नुसता दाबत नाही, उचलतो. पत्रा उचलला की चिरा घसरून खाली, कुणाच्या तरी डोक्यावर. खिळाही उपसून येतो. जे-बोल्टच हवा, म्हणजे टोकाला आकड्यासारखा वळलेला बोल्ट. आकडा पत्र्याखालच्या पाइपला अडकवून, वर रबरी वॉशर. भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर. खोलगटात पाडलं तर गळती ठरलेली.

मंगळुरी कौलांत आधी उडतात ती वळचणीची आणि कोपऱ्यांची. बऱ्याच कौलांच्या पोटाला बारीक भोक असतं, ते तार ओवायलाच. न गंजणारी तार घेऊन रिपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीला, पीळ द्यायचा. सगळं छप्पर जमत नसेल तर कडेच्या दोन ओळी तरी.

आणि हे जूनवर ढकलू नका. तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेलं ते 16 मे 2021ला. घरावर झुकलेल्या माडाची सुकी चुडतं आणि नारळ आत्ताच उतरवायला हवेत.

तुमच्याकडे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, मिळतोय का सध्या?