आपल्या ताऱ्यात कार्बनच होत नाही!

कार्बन-12चं केंद्रक म्हणजे तीन अल्फा कण (हेलियमची केंद्रकं), असं धरून त्याच्या ऊर्जा-पातळ्या काढायच्या, हा एम.एस्सी.चा प्रकल्प आमच्या नाशिकच्या कॉलेजात तसा धाडसाचाच. माझी विद्यार्थिनी पिंपळगाव बसवंतची. घरच्या द्राक्षबागेची छाटणी निघाली की ती गायब. पण आली की रात्रभर चाललेल्या गणिताचं उत्तर आधी बघणार, मग डबा उघडणार.

पद्धत ब्रिंकच्या मॉडेलची. प्रत्येक अल्फात दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. तीन अल्फा त्रिकोणाच्या टोकांवर बसवायचे, असे लहानमोठे, लांबट-पसरट भरपूर त्रिकोण घ्यायचे आणि त्यांच्या मिश्रणातून पातळ्या शोधायच्या. कार्बनची मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था लहान त्रिकोणांतच हाती लागते. शून्य स्पिनची (एकूण फिरकी नसलेली) दुसरी अवस्था मात्र अल्फांना लांब लांब जाऊ दिल्याशिवाय धड दिसत नाही. त्या दिवशी ती दिसली. मूळ अवस्थेची त्रिज्या अडीच फेम्टोमीटरच्या आसपास, हिची साडेतीनच्या घरात. चांगलीच ऐसपैस. हीच हॉईल अवस्था.

2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर, त्यांचे गुरू हे फ्रेड हॉईल. ताऱ्यांत तीन अल्फा एकत्र येऊन कार्बन होतो. तो पुरेसा व्हायचा तर कार्बन-12ला मूळ अवस्थेच्या वर 7.7 एमईव्हीच्या (केंद्रकातली ऊर्जा मोजायचं एकक) आसपास पातळी हवीच, असं हॉईल यांनी 1953 साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात सांगितलं आणि तिथल्या प्रयोगात ती सापडली. (आपण जिवंत आहोत म्हणून पातळी असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता, ही मला नंतरची सजावट वाटते. त्यांचा हिशेब कार्बनच्या प्रमाणाचा होता.)

तीन सुट्या अल्फांच्या ऊर्जेपेक्षा ही पातळी जेमतेम 0.38 एमईव्हीने वर. आमची आली 0.48वर. बारा कणांच्या गणितात एवढाच फरक, म्हणजे मी पेढे मागवायच्या बेतात होतो. बाईसाहेबांनी तोच आकडा उचलून दहा कोटी केल्व्हिनच्या ताऱ्यात कार्बन किती वेगाने होतो, त्या सूत्रात टाकला.

"सर, आपल्या ताऱ्यात कार्बनच होत नाही!"

अभिक्रियेचा वेग सुमारे लाखपट घटला होता. त्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा असते 0.0086 एमईव्ही. तिच्यापुढे आमचा 0.1चा फरक डोंगराएवढा, आणि तो बसतो घातांकात.

"तारा गप्प बसेल का?" मी विचारलं. "इंधन पेटत नसेल तर गाभा आकसणार, तापणार. तापमान वाढव."

तेरा कोटीला वेग पुन्हा जागेवर आला. ती खूश झाली, पण क्षणभरच. "मग तेवढ्या उष्णतेत कार्बनला चौथा अल्फा पण पटापट चिकटेल ना? सगळा ऑक्सिजनच होईल." प्रश्न अगदी नेमका होता. कार्बन आणि ऑक्सिजनचं प्रमाण ठरतं ते याच रस्सीखेचीत. ऑक्सिजन-16ची एक पातळी सुट्या कार्बन-अल्फाच्या ऊर्जेपेक्षा फक्त 0.045 एमईव्ही खाली आहे, आणि ताऱ्यातल्या ऊर्जेला ती अभिक्रिया प्रयोगशाळेत थेट मोजणं आजही जमलेलं नाही. पातळी जराशी सरकली तरी असं सगळं बदलतं, म्हणून जाणकार मंडळी पातळीची ऊर्जा प्रयोगातून घेतात. मॉडेलला विचारतात ते आतल्या रचनेबद्दल. मला हाच व्यवहार प्रामाणिक वाटतो.

"चार अल्फा घेऊन बघू या?" ती म्हणाली. आमच्या विभागातला संगणक तीन अल्फांनाच रात्रभर धापा टाकतो. मोठ्या संगणकावर वेळ मिळावा म्हणून अर्ज केला आहे.