नाशिक ते भंडारदरा, पिकअपवर कॅम्पर घेऊन: जॅक कुठले, बांधायचं कशाने

मार्ग असा: अंबड एमआयडीसीतून मुंबई हायवेने वाडीवऱ्हे, घोटी; तिथून डावीकडे बारीमार्गे शेंडी, म्हणजे भंडारदरा. रात्री धरणाकाठच्या मुरशेतला कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसणारी आणि उतरवता येणारी छोटी खोली, जॅकवर, म्हणजे तिच्या चार कोपऱ्यांच्या लांब होणाऱ्या पायांवर उतरवायचा. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पिकअपने घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी धरणाभोवती फेरी मारून परत यायचं, कॅम्पर चढवायचा आणि घरी. जायचं अंतर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. एवढ्यात हायवे, गावागावांतले स्पीडब्रेकर, चढउतार, उखडलेली खडी आणि पाण्याकाठची फसवी जमीन असं सगळं भेटतं. नवा कॅम्पर बसवला की पहिली फेरी हीच करावी. काही बिघडलं तर घोटी जवळ आहे.

निघण्याआधी भुईकाटा. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, म्हणून सकाळी लवकर जावं. आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की किती लादता येईल ते कळतं. त्यातूनच माणसं आणि सामानही जायचंय. काट्यावर तीन पावत्या घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. हेच कॅम्परशिवाय एकदा आणि पाण्याची टाकी भरलेल्या कॅम्परसकट एकदा. कॅम्पर चढवल्यावर पुढच्या चाकांचा आकडा कमी झाला, तर कॅम्परच्या वजनाचा मध्य मागच्या ॲक्सलच्याही मागे गेलाय. अशी गाडी चढावर स्टेअरिंगला हलकी लागते आणि ब्रेकला डोलते. इलाज एकच, टाकी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला सरकवणे. मागे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून गाडी सरळ दिसते, पण दुखणं तसंच राहतं.

इथला हिशेब बोलेरो पिकअपवरच्या, पाण्यासकट ५६० किलो भरणाऱ्या कॅम्परचा आहे. तुमचा आकडा वेगळा असेल, गुणाकार तोच.

जॅक घेताना सगळेजण ५६० भागिले चार करतात आणि १४० वर थांबतात. तिथेच चूक होते. कॅम्पर म्हणजे ताठ पेटी. जमीन जराशी वाकडी असली किंवा एक पाय दोन सेंटिमीटर जास्त वर गेला, की खोली चार पायांवर न राहता तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर तोलली जाते. त्या क्षणी एकेका पायावर २८० किलो येतात. म्हणून प्रत्येक जॅक किमान अर्ध्या वजनाचा, आणि वर सूट ठेवून ५०० किलोचा. अमेरिकेतले तयार कॅम्पर जॅक एका पायाला २००० ते २५०० पौंडांचे, म्हणजे साधारण ९०० ते ११३० किलोचे असतात, पण तिकडचे कॅम्परही तेवढेच जड. आपल्याला त्यांची नक्कल करायची गरज नाही.

प्रकाराबद्दल स्पष्ट मत: स्वतः बनवून घेणार असाल तर स्क्रू जॅक. हायड्रॉलिक उचलायला सोपा, पण सील थकलं की रात्रभरात एक कोपरा बसतो. १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक आरामाचा खरा, पण हाताने फिरवायची सोय नसेल तर बॅटरी उतरल्यावर कॅम्पर आहे तिथेच राहणार. चांगल्या आट्यांचा स्क्रू सोडला तरी आपोआप खाली येत नाही, हा त्याचा खरा गुण. कारचा सिझर जॅक विसरा, तो तेवढा वर जातच नाही.

पाय सातपूर-अंबडच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे होतात. बाहेरचा चौकोनी पाईप ६० × ६० × ४ मिमी, आतला ५० × ५०. बाहेरच्याच्या आत ५२ मिमीची जागा उरते, म्हणजे कागदावर बाजूला एकेक मिलिमीटर. प्रत्यक्षात पाईपच्या आत लांबीभर वेल्डिंगची रेघ उठलेली असते आणि आतला पाईप तिला घासून अडकतो. रेघ घासून काढायला आधीच सांगा. नाहीतर हातोड्याने ठोकून बसवलेला पाईप तुमच्याकडे येईल आणि मुरशेतला तो निघणार नाही. पूर्ण लांब केल्यावरही आतला पाईप निदान ३० सेंटिमीटर बाहेरच्यात राहिला पाहिजे, त्याशिवाय पाय लटलटतो. भोकं ५ सेंटिमीटरच्या अंतराने, पिन १६ मिमीची. पिनने उंची धरायची, स्क्रूने फक्त शेवटचे २५-३० सेंटिमीटर.

उंची मोजताना एक गोष्ट हमखास सुटते. वजन उतरलं की मागचे पाटे मोकळे होतात आणि हौदाही कॅम्परच्या मागोमाग वर येतो. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या हौद्याची जमिनीपासूनची उंची मोजा. त्यातला फरक, अधिक मोकळं निघायला ७ सेंटिमीटर, एवढी जास्तीची चाल जॅकमध्ये हवी. पुढच्या दोन पायांमधलं अंतर गाडीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून १० सेंटिमीटर जास्त ठेवा. रिव्हर्स घेताना गाडी पायाला नुसती टेकली तरी पाय वाकतो. हे जॅक उभं वजन पेलतात, बाजूचा धक्का नाही.

आता बांधण्याकडे. वळणावर आणि ब्रेकला लादलेल्या मालावर जोर किती येतो, याचे युरोपी मानकातले आकडे आहेत: पुढे वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट. आपल्या ५६० किलोला पुढे ४४८, बाजूला २८०. हे आकडे ऐकून लोक पट्टे आवळत सुटतात. आवळण्यापेक्षा दिशा महत्त्वाची. पुढचे दोन बंध कॅम्परकडून खाली आणि पुढे, मागचे दोन खाली आणि मागे उतरले पाहिजेत. म्हणजे चढावर पुढची जोडी धरते, ब्रेकला मागची. चारही उभे सरळ खाली ओढले तर पेटी खाली दबते, पण सरकायला मोकळीच.

सरकणं थांबवायला सगळ्यात स्वस्त वस्तू गोठ्यातली रबरी मॅट, गाईंखाली घालतात तीच, १५ ते २० मिमी जाड. पत्र्यावर थेट प्लायवुड ठेवलं की धूळ आणि दव मिळून घसरगुंडी होते. मॅटवर पेटी, पेटी केबिनच्या बाजूच्या पाटीला चिकटून आणि दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे घट्ट. एवढं केल्यावर बंधांना फार थोडं काम उरतं.

बंधाचं दुसरं टोक चॅसिसला. हौद्याच्या बाजूचे हूक ताडपत्रीच्या दोरीसाठी असतात, खोलीसाठी नव्हे. ॲक्सल किंवा पाट्यांना तर मुळीच बांधू नये: चाक प्रत्येक खड्ड्यात वरखाली होतं, बंध एकदा ढिला, एकदा झटका, आणि झटक्यात कॅम्परचा आय-बोल्ट, म्हणजे बंध अडकवायचा डोळ्याचा बोल्ट, लाकडातून उपटून येतो. चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंगही नको, तडा तिथूनच सुरू होतो. उभ्या बाजूला कंपनीने ठेवलेली रिकामी भोकं असतात, त्यांत ८.८ ग्रेडचे एम १२, म्हणजे १२ मिमीचे बोल्ट आणि नायलॉक, म्हणजे थरथरीने न सुटणारे नट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, म्हणून नट खोलून निघणारी जोडणी त्या बाजूनेही बरी.

मधे टर्न बकल, म्हणजे फिरवून बंध आवळायचा आट्यांचा सांधा. हुकाचा नको, दोन्हीकडे बंद डोळ्याचा घ्या; हूक झटक्याने उघडतो. दोन्ही टोकांना लॉक नट आणि मधून तारेचा वेढा, कारण थरथरीने तो स्वतःच सुटत जातो. एका टोकाला शॉकअपचे रबरी बुश दोन वॉशरमध्ये बसवा. हाताने घट्ट, मग पान्याने दीड-दोन फेरे, बस. बुश फुगीर दिसेपर्यंत आवळला तर त्याचं असणं-नसणं सारखंच. रॅचेट पट्टा वापरणारच असाल तर ५० मिमीचा पॉलिस्टर, लेबलवर एलसी २५००, म्हणजे साधारण २५०० किलोचा ताण पेलणारा, असं लिहिलेला. कोपऱ्यावर घासतो तिथे पाईपचा तुकडा. नायलॉनचा भिजला की ताणतो.

पहिली तपासणी वाडीवऱ्ह्याला, वीसेक किलोमीटरवर. नवीन मॅट दबलेली असते, त्यामुळे चारही बंध अर्धा-पाऊण फेरा हमखास घेतात. दुसरी घोटीत वळण्याआधी, तिसरी बारीत, कळसूबाईच्या पायथ्याशी. त्यानंतर फेरा घ्यावा लागत असेल तर काहीतरी सरकतंय: ठोकळे बघा. चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कुणी बसायचं नाही.

मुरशेतला पाणी ओसरलेल्या काठावर वरची माती तडकलेली, कडक दिसते. टाच रुतवून बघा, खाली लोणी असतं. जॅकचा तळवा १० × १० सेंटिमीटरचा, त्यावर २८० किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.८ किलो, तो रुतणारच. खाली ३० × ३० चा १८ मिमी प्लायचा तुकडा घातला की तेच ०.३ वर येतं. शक्यतो काठ सोडून मुरमावरच उभं राहा.

उतरवताना चाकांना गुटके, वीज-जोडणी आधी काढा, मग बंध सोडा. ही वायर विसरली की ती सॉकेटसकट तुटते. चारही जॅक आळीपाळीने थोडे थोडे वर घ्या, पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित वर. वजन अर्धं गाडीवर, अर्धं पायांवर असताना गाडी हलवायची नाही. गाडी निघाली की लगेच कॅम्पर जमेल तेवढा खाली घ्या आणि पिना घाला. उंच पायांवर झोपलं तर कुस बदलली तरी हलतं. पावसाळ्यात इथे उतरवूच नये, घाटघरकडून येणारा वारा उभ्या भिंतीला धरतो.

फेरीत साम्रद ते रतनवाडी रस्त्याकडे झाडं खाली झुकलेली आहेत. कॅम्पर मुरशेतला ठेवून जायचं ते त्यासाठीच. अभयारण्याची हद्द आहे, नाक्यावर पावती घ्यावी लागते. परतीला चढवताना गाडी सरळ मागे घेण्यासाठी हौद्याच्या मध्यावर आणि कॅम्परच्या तळाच्या मध्यावर खडूने रेघ ओढून ठेवा, आणि एक माणूस मागे उभा, पायांच्या मधे नाही.