आठ पदरी दोरी

मंगळवार, रात्री

परवा पहाटे भाट्याच्या खाडीवर पुतण्या म्हणाला, "काका, मासा लागला होता की! दोरी सरळ झालेली दिसली मला." मला काहीच जाणवले नव्हते. त्यानंतर आम्ही तासभर गरवले, काही मिळाले नाही, आणि घरी येताना पुलावर मी त्याच्याशी विनाकारण तुटकपणे बोललो. गेले दोन दिवस तेच एक वाक्य डोक्यात फिरते आहे.

कारण गरवायची ही आठ पदरी दोरी मी जवळ केली तीच मुळी जाणवण्यासाठी. साधा नायलॉनचा तंगूस तुटण्यापूर्वी वीस-तीस टक्के लांबतो, त्यामुळे दूरवरचा टोला त्याच्या ताणातच विरून जातो. ही विणलेली दोरी जेमतेम तीन-चार टक्के लांबते, म्हणून लूर, म्हणजे गळाचा खोटा मासा, तळाच्या रेतीला टेकला की शिंपल्याला, हेसुद्धा बोटाला कळते. जिताडा मासा लूर चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि फसवणूक कळली की लगेच बाहेर टाकतो. त्या मधल्या क्षणाचा जो 'टक्' बोटावर येतो, त्यासाठी मी वर्षानुवर्षे पहाटे चारला उठत आलो आहे. ज्याने ही दोरी मला पहिल्यांदा आणून दिली तो आता खाडीवर येत नाही. असो.

प्रथम मी वाऱ्याला दोष दिला. ही दोरी पाण्यापेक्षा हलकी असल्याने वर तरंगते आणि वाऱ्याने तिला बाक पडतो, मग टोला बोटापर्यंत पोहोचत नाही, हे खरे आहे. परंतु परवा भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे पाणी होते, ओढ नव्हती आणि मतलई वाराही पडलेला होता. मग मी दोरीला दोष दिला. काल दुपारी ओटीवर बसून पहिले चाळीस-पन्नास मीटर भिंगाखाली धरले. गर्द हिरवा रंग जाऊन ती पांढुरकी झाली आहे, पण त्याची मला चिंता नव्हती. पॉलिथिलिनच्या धाग्यात रंग मुरत नाही, तो वरच्यावर बसतो आणि जातो, ताकद तिथेच राहते. चिंता पदरांची होती. कालवांच्या खडकांवर घासून त्यांना कापसासारखी लव सुटली होती, आणि एके ठिकाणी आठांपैकी एक पदर तुटून उभा राहिला होता. वीणच अशी सैल झाल्यावर मला कसे जाणवणार? हे सापडले तेव्हा मला जो आनंद झाला, तो लिहिताना आता बरे वाटत नाही.

तुटका भाग कापला आणि संध्याकाळी दोरी उलटी केली. पुतण्याने भिजलेले फडके चिमटीत धरून ताण ठेवला आणि मी ती रीलच्या दुसऱ्या स्पूलवर, म्हणजे चकरीवर गुंडाळली, म्हणजे झिजलेले टोक चकरीच्या तळाला असलेल्या तंगुसाशी बांधले गेले आणि इतकी वर्षे खाली दबलेली, पाणी न पाहिलेली दोरी वर आली. ती अजूनही तशीच हिरवीगार आहे. तिला बघत बराच वेळ बसलो.

मग वाडीत जाऊन परीक्षा घेतली. चाळीस पावलांवर माडाच्या आडोशाला पुतण्या दोरीचे टोक धरून उभा राहिला आणि त्याने मनाला येईल तेव्हा नखाने दहा टिचक्या मारायच्या असे ठरले. मी डोळे मिटून उजवी तर्जनी दोरीखाली धरली आणि जाणवली की "आली" म्हणू लागलो. दहांतल्या सहा. पुन्हा केले, पुन्हा सहाच. त्याने मोठ्याने आकडा सांगितला नाही, जवळ येऊन सांगितला.

पावसाळ्याआधी त्या बोटाला जे झाले ते इथे लिहिण्याची गरज नाही. जखम भरली, नख आले, आणि मी तो विषय संपवला होता. त्या क्षणी मात्र वाटले की एवढेच एक सुख उरले होते, तेही गेले. आता दोरी कितीही चांगली आणली तरी माझ्या टोकाला ती मुकीच राहणार. ही आतून म्हणाली, "अंधार पडला, या आता," तरी मी तिथेच उभा होतो.

पुतण्याच म्हणाला, "काका, डाव्याने बघा ना." मला ते सुचलेच नव्हते. डाव्या तर्जनीने दहाच्या दहा आल्या, आणि शेवटची तर त्याने इतकी हलकी मारली होती की ती त्याला स्वतःलाही मोजावी की नाही असे वाटत होते.

रीलचा दांडा काढून उजव्या बाजूला बसवला आहे. तो दोन्हीकडे बसतो. आज दिवेलागणीला रॉड डाव्या हातात धरून अंगणात फेकण्याचा सराव केला. पहिला फेक जास्वंदीत गेला, दुसरा गडग्यावर, विसाव्या-पंचविसाव्या फेकीला लूर साधारण जिथे हवा तिथे पडू लागला. मनगट दुखते आहे. शनिवारपासून पाणी उधाणाकडे जाईल, तोवर रोज पन्नास फेकी करायच्या असे पुतण्याने ठरवून दिले आहे, आणि मी ते मान्य केले आहे.