ब्रोचची मागची बाजू : नोंद चौथी

अंडाकृती काळ्या ब्रोचचा काळ ‘१९२० चे दशक’ असा लिहून गेल्या नोंदीत मी मोकळी झाले होते. ती ओळ आज खोडावी लागली.

तेव्हा मी फक्त खटका पाहिला होता. टाचणीचे टोक आत घेऊन वरून बंद होणारा फिरता खटका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला आणि त्याआधीच्या ब्रोचना बहुधा सी अक्षरासारखा उघडा आकडा असे, एवढ्या आडाख्यावर मी निकाल देऊन टाकला. या वेळी दहापट भिंग घेऊन आधी दुसऱ्या टोकाची बिजागरी तपासली. दोन बारीक नळ्या पाठीला डाखलेल्या, तिसरी टाचणीला, आणि तिन्हींतून आरपार गेलेली एक खीळ, अशी ती जुन्या घडणीची निघाली. टाचणी ब्रोचच्या कडेबाहेर चांगली चार मिलिमीटर डोकावते. हेही एकोणिसाव्या शतकातले लक्षण, कारण खटक्याअभावी ती निसटू नये म्हणून बाहेर आलेले टोक पुन्हा कापडात खोवता येत असे. मग नजर खटक्याच्या बुडाकडे वळली. तिथला डाख राखाडी आणि गाठाळ आहे, बिजागरीपाशी मात्र तो पिवळसर आणि इतका सफाईदार आहे की सांधा शोधावा लागतो. खटक्याला लागूनच, कडेच्या बाजूला, घासून सपाट केलेला एक लहानसा डागही दिसला. जुना आकडा तिथेच असावा. म्हणजे खटका नंतर बसवलेला आहे आणि ब्रोच त्याहून जुना आहे. काचेखाली विणलेले केस आहेत, तेव्हा व्हिक्टोरियन काळातला शोकाचा, म्हणजे मृताच्या आठवणीसाठी घालायचा दागिना हा अंदाज आता मला पटतो. (केस मी पहिल्याच दिवशी पाहिले होते, तरी खटक्यावर विसंबले, याची चुटपुट आहेच.)

उलट चूक व्हायला दुसरा ब्रोच पुरेसा होता. त्याला साधा उघडा आकडा आहे, पण मागे बर्मिंगहॅमच्या धातुपरीक्षण कार्यालयाचा शिक्का (जहाजाचा नांगर) आणि तपासणीचे वर्ष सांगणारे अक्षर स्पष्ट उमटलेले असून त्यावरून तो १९१२ चा ठरतो. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली होती. नवा खटका आला म्हणून जुना आकडा लगेच हद्दपार झाला नाही.

तिसऱ्याचा खटका ट्रॉम्बोन पद्धतीचा, नळीत सरकणारी नळी असलेला आहे. ही पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत राहिली, त्यामुळे त्यातून काळापेक्षा प्रदेशच अधिक कळतो. त्याच्यापुढे तूर्त ‘युरोपीय’ एवढेच लिहिले आहे.

वहीत आता खटका, बिजागरी आणि डाख यांचे रकाने वेगळे केले आहेत. खटक्याच्या रकान्यात ‘मूळचा’ की ‘बदललेला’ हे आधी लिहायचे आणि मूळचा असेल तरच त्यापुढे ‘याच्या आधीचा नाही’ असे वर्ष मांडायचे. जुन्या अकरा नोंदी याप्रमाणे तपासायच्या राहिल्या आहेत.